बळी पडलेल्याच्याच चुका लोकांना आधी का दिसतात?

अर्धविराम

मदतवाहिनीवर नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी दोन पानांचं टिपण करायचं आहे. फोनवर फसवणूक, मारहाण, लैंगिक हल्ला, अपघात असं काहीही येतं. आणि ऐकणारा मनाने चांगला असला तरी त्याच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत "पण तुम्ही तिथे गेलातच कशाला?" निघतं. हे का होतं ते थोडक्यात आणि बरोबर लिहायचं आहे. "समाज असाच आहे" यापलीकडचं हवंय.

वाचताना तीन ठिकाणी अडकायला झालं.

१. एक उपपत्ती म्हणते की जग न्याय्य आहे असं मानायची आपल्याला गरज असते, म्हणून निरपराध माणसाला दुःख झालेलं बघवत नाही आणि आपण त्याचाच दोष काढतो. दुसरी म्हणते की नुकसान झालेला माणूस आपल्यासारखा असेल तर आपण त्याला कमी दोष देतो. पण पहिली खरी असेल तर आपल्यासारख्या माणसाचं दुःख जास्त धोक्याचं वाटायला हवं आणि दोष वाढायला हवा. दोन्ही एकदम खऱ्या कशा?

२. यातलं नंतरच्या तपासणीत टिकलं किती?

३. स्वयंसेवकाने नेमकं काय बोलावं, काय टाळावं?

पूर्वजन्म, नशीब, पापपुण्य यावरची चर्चा कृपया इथे नको, त्यावर वेगळा धागा काढता येईल.

---

तळटीप

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

न्याय्य जगाच्या उपपत्तीचं मूळ मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या 1966च्या प्रयोगात आहे. तो बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितला जातो, म्हणून नीट मांडतो. 72 विद्यार्थिनींना पडद्यावर एक मुलगी दाखवली. ती पाठांतराचा प्रयोग देतेय आणि चुकलं की तिला विजेचे झटके बसताहेत, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात झटके नव्हते, अभिनय होता. मग वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी माहिती दिली. एका गटाला मतदान करून तिला झटक्यांऐवजी बक्षिसाच्या प्रयोगात हलवता येत होतं. दुसऱ्या गटाला सांगितलं की हे असंच आणखी चालणार आहे. आणखी एका गटाला असं भासवलं की तिला हे नको आहे, पण बघणाऱ्या विद्यार्थिनींचं नुकसान होऊ नये म्हणून ती तयार झाली आहे.

नंतर सगळ्यांना त्या मुलीच्या स्वभावाबद्दल मत विचारलं. जिची सुटका झाली तिच्याबद्दल मत बरं होतं. जिचे हाल चालूच राहणार होते तिच्याबद्दल घसरलं. आणि सर्वांत जास्त घसरलं ते दुसऱ्यांसाठी हाल सोसणाऱ्या मुलीबद्दल, म्हणजे जिला कसलाच दोष देता येणार नाही तिच्याबद्दल!

इथे दोन गोष्टी सुटतात. पहिली, संधी मिळाली तेव्हा जवळपास सगळ्याजणींनी तिच्या सुटकेसाठी मत दिलं. म्हणजे पहिली ओढ मदतीचीच होती, नावं ठेवणं सुरू झालं ते हातात काही उरलं नाही तेव्हा. दुसरी, या प्रयोगात "तिने काय चूक केली" हे मोजलेलं नाही, "ती कशी आहे" हे मोजलं. वागण्यात खोट काढणं आणि माणूसच कमी लेखणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला बंद असला की मन दुसऱ्याने जातं. टिपणात हा फरक ठेवा, कारण फोनवर दोन्ही वेगळे ऐकू येतात. "ओटीपी द्यायचा नसतो" हा पहिला. "काही लोक असतातच भोळसट" हा दुसरा.

आता विरोधाभास. केली शेव्हरने 1970मध्ये बचावात्मक दोषारोपण मांडलं, त्याआधी 1966मध्ये इलेन वॉल्स्टरचा प्रयोग झाला होता. उतारावर लावलेली गाडी घरंगळत जाते. नुकसान जितकं मोठं दाखवलं तितकी गाडीमालकाची जबाबदारी जास्त ठरवली गेली. अर्थ असा लावला की मोठं संकट निव्वळ योगायोगाने येऊ शकतं हे मान्य करणं भीतिदायक असतं. पुढच्याच वर्षी वॉल्स्टरला तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. शेव्हरचं म्हणणं असं की बघणाऱ्याला दोन भीती असतात: "हे माझ्यावर येईल" आणि "माझ्यावर आलं तर लोक मलाच बोल लावतील". पहिली दोष वाढवते, दुसरी कमी करते. तो माणूस आपल्यासारखाच असेल आणि आपण त्याच्या जागी सहज असू शकलो असतो, तर दुसरी भीती वरचढ ठरते आणि आपण नशिबावर ढकलतो. त्याच्यात आणि आपल्यात एखादी फट सापडली ("मी रात्री एकटी जातच नाही"), की पहिली भीती त्या फटीत पाचर ठोकते.

1973मध्ये चायकिन आणि डार्ली यांनी हे छान उलगडलं. पर्यवेक्षकाच्या हातून कामगाराचं नुकसान होतं, असा प्रसंग सहभागींनी पाहिला. काहींना वाटत होतं की थोड्या वेळाने आपल्याला पर्यवेक्षक व्हायचंय, काहींना कामगार. भावी कामगारांनी दोष पर्यवेक्षकाला दिला. नुकसान मोठं असताना भावी पर्यवेक्षकांचा कल योगायोगाकडे झाला. प्रसंग एकच. तेव्हा "आपल्यासारखा" म्हणजे वय, पेशा, बोलणं एवढंच नव्हे. उद्या आपण कोणत्या खुर्चीत बसणार, हे महत्त्वाचं.

टिकलं किती? बर्गरने 1981मध्ये 22 अभ्यास एकत्र करून पाहिले. नुकसान गंभीर तर जबाबदारी जास्त, हा कल निघाला पण अशक्त. साम्य असेल तर दोष कमी, हा धागा त्यातल्या त्यात बरा. न्याय्य जगाच्या बाजूने नंतरचा चांगला पुरावा कॅरोलिन हेफरचा, 2000 सालचा. तिने मत विचारलंच नाही. गुन्हेगार मोकाट सुटल्याची बातमी दाखवली आणि मग रंगीत अक्षरांतल्या शब्दांचा फक्त रंग ओळखायला सांगितला. न्यायाशी संबंधित शब्दांवर लोक जास्त अडखळले. म्हणजे धक्का आधी बसतो, तोही नकळत. मत नंतर तयार होतं.

आणि हे फक्त श्रद्धाळूंचं नाही. पियाजेने 1932मध्ये मुलांना गोष्ट सांगितली: मुलगा चोरी करून पळतो, कुजक्या पुलावरून जाताना पूल मोडतो. चोरी केली नसती तरी पूल मोडला असता का? लहान मुलं "नाही" म्हणाली. करावे तसे भरावे हे इतक्या लहानपणीच डोक्यात असतं, आणि मोठेपणीही पुरतं जात नाही.

---

मागचा_बाक

वरच्या प्रतिसादात सगळा भर भीतीवर आहे. पण भीती अजिबात नसतानाही दोष दिला जातो, आणि तो भाग टिपणात आला नाही तर स्वयंसेवक म्हणतील "मला कुठे भीती वाटतेय?". कारण साधं आहे: शेवट आधीच माहीत असतो.

बारुख फिशहॉफने 1975मध्ये दाखवलं की निकाल कळला की तो आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं, आणि वाचणाऱ्याला त्या कळण्याचा परिणाम जाणवतही नाही. रॉनी जॅनॉफ-बुलमन आणि सहकाऱ्यांनी 1985मध्ये हेच पीडितांच्या बाबतीत करून पाहिलं. एका स्त्रीपुरुषाच्या भेटीचं वर्णन शब्दन् शब्द सारखं. फक्त शेवट वेगळा. एका आवृत्तीत बलात्कार, दुसरीत काही विपरीत नाही. पहिली आवृत्ती वाचणाऱ्यांना तो शेवट जास्त संभवनीय वाटला आणि तिचं तेच वागणं जास्त दोषास्पद वाटलं. लिंडा कार्लीने 1999मध्ये पुढची पायरी दाखवली: काही काळाने आठवायला सांगितलं तर लोकांना गोष्टीत नसलेले, पण शेवटाला जुळणारे तपशील "आठवले". म्हणजे पुरावासुद्धा मागाहून तयार होतो.

याला जोडून "जर-तर"चा विचार. कानेमान आणि ट्वर्स्की यांच्या 1982च्या प्रसंगात एक माणूस घरी जाताना चौकात त्याच्या गाडीवर ट्रक आदळतो आणि तो मरतो. ट्रक चालवणारा मुलगा नशेत असतो. कधी तो माणूस त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून गेलेला असतो, कधी नेहमीपेक्षा लवकर निघालेला असतो. "हे टळलं असतं, जर..." हे वाक्य पुरं करायला सांगितलं तर लोक रस्ता बदलतात किंवा वेळ बदलतात, जे नेहमीपेक्षा वेगळं असेल ते. नशेतला मुलगा बहुतेकांच्या वाक्यात येतच नाही! पण सुरुवातीलाच मुलाकडे लक्ष वेधलं तर त्याचं वागणं बदलणारी उत्तरं वाढतात. गोष्ट ज्याच्याभोवती सांगितली त्याचीच पावलं मनात पुसली जातात, आणि जे पाऊल मनात सहज पुसता येतं ते टाळता आलं असतं असं वाटतं.

प्रशिक्षणात हे सांगण्यापेक्षा करून दाखवा. कृती अशी:

किमान 20 जण हवेत, 30 असले तर बरं. 12 ते 15 वाक्यांचा प्रसंग लिहा: एका व्यक्तीला फोन येतो, समोरचा पार्सल अडकल्याचं सांगतो, एक दुवा पाठवतो, वगैरे. दोन प्रती करा. एकीत शेवटचं वाक्य "खात्यातून सगळी रक्कम गेली", दुसरीत "पार्सल दुसऱ्या दिवशी घरी आलं". बाकी एक स्वल्पविरामही बदलायचा नाही. एकाआड एक वाटा. आधी विचारा: "शेवट माहीत नसता तर तो असा होण्याची शक्यता 0 ते 100मध्ये किती धरली असती?" मग "ज्या वाक्यांवरून अंदाज येत होता ती अधोरेखित करा." शेवटी "या व्यक्तीने किती शहाणपणाने निर्णय घेतले?" 1 ते 7. दोन्ही गटांचे आकडे फळ्यावर शेजारी मांडा आणि अधोरेखित वाक्यं मोठ्याने वाचा. एकच वाक्य एका गटाला धोक्याची घंटा आणि दुसऱ्याला किरकोळ तपशील वाटलेलं ऐकलं की पुढचं व्याख्यान निम्मं होतं.

फसतं कुठे? प्रसंगात एखादा उघड इशारा राहिला (पासवर्ड मागितला) तर दोन्ही गट तोच धरतात आणि फरक मावळतो. शेजाऱ्याची प्रत दिसली तर खेळ संपला, म्हणून ओळी लांब बसवा. सत्राचं नाव "पीडितांना दोष देणं" असं आधी जाहीर केलं तर सगळे सभ्य उत्तरं देतात. दोष किती हा प्रश्न आधी विचारला तरीही तेच. आणि प्रसंग लैंगिक हल्ल्याचा घेऊ नका. खोलीत कुणावर काय गुदरलं आहे हे माहीत नसतं, आर्थिक फसवणुकीने काम भागतं.

---

मुद्रितशोधक

जर-तरचा मुद्दा भाषेपाशी येतो, आणि तिथे मराठी लिहिणाऱ्याला हातचं काम आहे.

लॉरा निएमी आणि लियान यंग यांनी 2016मध्ये चार अभ्यास मिळून 994 जणांवर तपासलं. त्यातल्या एका भागात घटना तीच ठेवून वाक्यांचा कर्ता बदलला. बहुतेक वाक्यं हल्लेखोरापासून सुरू होत होती तेव्हा पीडितावरचा दोष घटला आणि तिने काय वेगळं करायला हवं होतं, याची उत्तरंही कमी झाली. याच अभ्यासात दिसलं की गटनिष्ठा, अधिकाराचा मान आणि पावित्र्य ही मूल्यं ज्यांना महत्त्वाची वाटतात ते पीडिताला जास्त जबाबदार धरतात. राजकीय मतं वेगळी काढूनही हा संबंध उरतो. ही मूल्यं तुम्ही दोन तासांत बदलणार नाही. वाक्यं बदलू शकता.

आता धाग्याचं शीर्षकच बघा: "बळी पडलेल्याच्या". पडला कोण? तोच. आपल्याकडे फसवणुकीच्या वाक्यांना ही सवयच आहे: आमिषाला भुलली, जाळ्यात अडकला, भूलथापांना बळी पडले, फसला. प्रत्येक ठिकाणी क्रिया नुकसान झालेल्याची आणि ज्याने हे घडवून आणलं तो वाक्यात नाही. दुसरी तऱ्हा "झालं"ची. "तिच्यावर हल्ला झाला", "रक्कम लंपास झाली". पाऊस झाला तसा हल्ला झाला.

टिपणात आणि फोनच्या नोंदवहीत असं बदला:

"ज्येष्ठ नागरिक भूलथापांना बळी पडले" याऐवजी "फोन करणाऱ्याने बँकेचा अधिकारी असल्याचं भासवून त्यांच्याकडून क्रमांक काढून घेतला".

"तिने अनोळखी माणसाला घरात घेतलं आणि तिच्यावर हल्ला झाला" याऐवजी "दुरुस्तीच्या कामाचं निमित्त करून तो घरात आला आणि त्याने हल्ला केला".

हल्लेखोर कोण ते माहीत नसलं तरी कर्ता ठेवता येतो: "एका अनोळखी माणसाने". आरोप सिद्ध व्हायचा असेल तर "तक्रारीनुसार" हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला एकदाच लावा. प्रत्येक वाक्यात "कथित" पेरलं की वाचणाऱ्याला तक्रार करणाराच संशयित वाटू लागतो.

तपशील ठेवायचा की गाळायचा याची एक चाचणी आहे. तो तपशील हल्लेखोराने काय केलं हे सांगतो का? "रात्री 11 वाजता" हे वेळेची नोंद म्हणून हवं असेल तर ठेवा. "रात्री 11 वाजता एकटीच" यातलं "एकटीच" नोंद नव्हे, शेरा आहे. या "च"वर माझा विशेष राग आहे. "तरीही", "चक्क", "सुशिक्षित असूनही" हे त्याचेच भाऊबंद.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. वाक्यरचनेने पडणारा फरक फार मोठा नसतो, पण त्याला खर्चही काही नाही.

---

उलटतपासणी

वाचतोय, पण एक गोष्ट पटत नाही. मग सावधगिरी सांगायचीच नाही का? पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही काही क्रूर म्हण नाही. एखाद्याने ओटीपी दिला हे नुकसानीचं कारण आहेच. ते कारण म्हणणं म्हणजे दोष देणं असेल, तर लोकांना काही शिकवायचं कसं? उद्या कुलूप लावा म्हटलं तरी पीडितविरोधी ठराल.

---

काळी_पेटी

@उलटतपासणी, प्रश्न रास्त आहे आणि अपघात तपासणाऱ्यांनी तो कधीच सोडवून ठेवला आहे. कारण, जबाबदारी आणि दोष हे तीन वेगळे निर्णय आहेत. कारण म्हणजे जे नसतं तर घटना झाली नसती. अशी कारणं प्रत्येक घटनेत डझनभर सापडतात. जबाबदारी ठरवताना विचारायचं: त्या क्षणी त्याला काय माहीत होतं, त्याचा हेतू काय होता, दुसरा पर्याय खरोखर हाताशी होता का? दोष याच्याही पुढचा. गडबड होते ती पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारल्याने.

दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण घ्या. अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर पोटावर बसत. वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटायला जात आणि चाकं मिटत. अहवालात शेरा "वैमानिकाची चूक". खरंच चूक होती, कारण म्हणून अचूक. अल्फोन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं तर फ्लॅपची आणि चाकांची कळ एकसारखी आणि शेजारीशेजारी. त्याने चाकांच्या कळीला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या कळीला पाचरीचा आकार दिला. हात चुकायचे थांबले. 1947मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या नावावर मांडलेल्या 460 चुका तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा उपकरणाच्या रचनेतून येत असल्याचं दिसलं. शिक्षा करून आणि "लक्ष द्या" म्हणून जे साधलं नव्हतं ते रबराच्या तुकड्याने साधलं.

इथे दोषारोपाचा एक व्यावहारिक तोटा दिसतो, तो दयेपेक्षा वेगळा आहे. दोष सापडला की शोध थांबतो. "तिने ओटीपी दिला" इथे थांबलात तर पुढचे प्रश्न राहतात: नव्या खात्यावर पहिल्याच वेळी एवढी मोठी रक्कम एका झटक्यात का जाऊ दिली? संदेशात कशासाठी मंजुरी देताय हे ठळक का नव्हतं? फसवणारा खऱ्या अधिकाऱ्यासारखा बोलू शकतो, कारण खरे अधिकारीही तसेच फोन करतात का? शेवटचा प्रश्न सर्वांत अडचणीचा, म्हणून कुणी विचारत नाही. आणि दुसरा तोटा: दोष मिळणार हे माहीत असलं की लोक तक्रारच उशिरा करतात. पैसे परत मिळण्यासाठी पहिले काही तास मोलाचे असतात, ते शरमेत जातात.

तेव्हा सावधगिरी सांगा, पण तीन अटी पाळून. घटनेच्या आधी सांगा किंवा बरीच नंतर. नुकसान झालेल्या व्यक्तीला सोडून इतरांना सांगा. आणि सल्ला असा असावा की त्या क्षणी जे माहीत असतं त्यावर तो पाळता येईल. "संशयास्पद दुवे उघडू नका" हा सल्ला नव्हे, कारण दुवा संशयास्पद होता हे नंतर कळतं. "फोन आला की ठेवा आणि कार्डामागच्या क्रमांकावर स्वतः फोन करा" हा सल्ला, कारण तो पाळायला काहीच ओळखावं लागत नाही.

---

दुसरी_बाजू

प्रश्न ३. फोन उचलल्यावरचं.

आधी हे ओळखा की दोष देणारा आवाज बहुतेकदा फोन करणाऱ्याच्या आत आधीच चालू असतो. जॅनॉफ-बुलमनने 1979मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार सांगितले. एक, वागण्याला: "मी दार उघडायला नको होतं." दुसरा, स्वभावाला: "मी आहेच अशी, माझ्या बाबतीत हेच होणार." पहिल्यात पुढच्या वेळी टाळता येईल असा थोडा आधार असतो, दुसऱ्यात नाही. त्याआधी 1977मध्ये बुलमन आणि वर्टमन यांनी अपघातात मणक्याला इजा झालेल्या 29 जणांशी बोलून पाहिलं होतं. स्वतःकडे दोष घेणारे उलट बरे सावरलेले दिसले. यावरून काही जण "थोडा स्वतःला दोष देणं चांगलं" असं शिकवतात. ते करू नका. पॅट्रिशिया फ्रेझरने 2003मध्ये लैंगिक हल्ल्यानंतरच्या स्त्रियांमध्ये पाहिलं की "तेव्हा माझ्या हातात होतं" हे वाटणं जास्त त्रासाशी जोडलेलं होतं आणि "आता सावरणं माझ्या हातात आहे" हे वाटणं कमी त्रासाशी. मागचा ताबा नको, आजचा हवा.

म्हणून बोलण्याचा क्रम असा ठेवा. पहिलं वाक्य सुरक्षिततेचं: "आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का? जवळ कुणी आहे?" दुसरं वेळेवर करायच्या कामाचं: वैद्यकीय मदत, खातं गोठवणं, जे लागू असेल ते, एका वेळी एकच. त्यानंतर ऐकणं. "काय झालं ते तुम्हाला जमेल तेवढं सांगा" आणि "मग पुढे?" एवढ्यावर बराच वेळ निघतो.

"का"ने सुरू होणारा प्रश्न पूर्ण बंद. "का गेलात", "का सांगितलं नाही", "का ओरडला नाहीत". मराठीत "का" जाब विचारतो, स्वर कितीही मऊ ठेवा. वेळ किंवा जागा खरंच नोंदवायची असेल तर कारण आधी सांगा: "तक्रारीत वेळ लिहावी लागते, म्हणून विचारते." "का ओरडला नाहीत"ला तर शारीरिक उत्तर आहे. स्वीडनमधल्या 2017च्या अभ्यासात बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांपैकी 70 टक्क्यांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. ती संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे, अनैच्छिक प्रतिक्रिया आहे. हे वाक्य स्वयंसेवकाला पाठ असावं, कारण फोन करणारी व्यक्ती ते स्वतःहून विचारते.

"माझीच चूक" असं कुणी म्हणालं तर लगेच "छे छे, तुमची काहीच चूक नाही" म्हणून झाकण लावू नका. हेतू चांगला असतो, पण समोरच्याला वाटतं याला ऐकायचं नाही. आधी विचारा, "कुठल्या गोष्टीबद्दल असं वाटतंय?" मग त्या एका गोष्टीवर: "दार उघडलं तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?" उत्तर बहुतेकदा "दुरुस्तीवाला आहे एवढंच" असं येतं. मग म्हणा, "दुरुस्तीवाल्याला दार उघडणं ही चूक नाही. पुढचं त्याने केलं." वरच्या मागचा_बाक यांच्या प्रयोगातलीच ही उलटी चाल आहे: शेवट बाजूला काढून त्या क्षणी परत जायचं. स्वभावाला दोष देणारी वाक्यं वारंवार आली, किंवा जगण्याचाच कंटाळा डोकावला, तर ते एकट्या स्वयंसेवकाचं काम नाही, समुपदेशकाकडे जोडून द्या.

आणखी एक. तळटीप यांनी सांगितलेला मदत आणि नावं ठेवण्याचा संबंध स्वयंसेवकांनाही लागू आहे. ज्या फोनवर करण्यासारखं काहीच सापडत नाही, त्याच फोननंतर चहाच्या वेळी "ही बाई पण ना..." सुरू होतं. तो स्वभावदोष समजून झापू नका. प्रत्येक फोनच्या शेवटी स्वयंसेवकाला करता येईल असं एक छोटं काम ठेवा: ठरल्या वेळी परत फोन, एखादा अर्ज शोधून पाठवणं.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, टिपणाचा निम्मा मजकूर इथेच झाला. शीर्षकाबद्दलचा टोला मान्य, टिपणात बदलतो. एक उपप्रश्न: न्याय्य जगावरचा विश्वास मोजायची प्रश्नावली आहे म्हणे. ती भरून घेऊन जास्त गुण येणाऱ्या स्वयंसेवकांना फोनवर बसवायचं नाही, असं केलं तर? आणि "स्वतःला त्यांच्या जागी ठेवा" हे कितपत चालतं?

---

तळटीप

प्रश्नावली निवडीसाठी वापरू नका. झिक रुबिन आणि लेटिशिया पेप्लॉ यांची 1975ची 20 विधानांची मोजपट्टी सर्वांत माहितीची. त्याआधी 1971च्या अमेरिकी सैन्यभरतीच्या सोडतीवेळी त्यांनी तरुणांना निकाल ऐकताना अभ्यासलं होतं. सोडतीत दोष कुणाचा असणार? तरी हा विश्वास पक्का असलेल्यांमध्ये वाईट क्रमांक आलेल्यांबद्दल नाराजी जास्त आढळली. गटांची तुलना करायला असा संबंध उपयोगी आहे, एका माणसाबद्दल निर्णय घ्यायला तो फार सैल पडतो. शिवाय पुढे क्लाउडिया डालबर्टने दोन विश्वास वेगळे केले: "जग सगळ्यांशी न्यायाने वागतं" आणि "जग माझ्याशी न्यायाने वागतं". कठोर मतं पहिल्याशी जोडलेली आहेत. दुसरा बहुधा मनःस्वास्थ्याला बरा असतो. तुम्ही चाळणी लावाल आणि स्थिर मनाचे स्वयंसेवकच गाळून बसाल. आणि हेफरचे निकाल आठवा, धक्का नकळत बसतो. प्रश्नावलीत "जग न्याय्य नाही" लिहिणाराही त्यातून सुटत नाही.

दुसरा प्रश्न. अॅडरमन, ब्रेम आणि कॅट्झ यांनी 1974मध्ये लर्नरसारखाच प्रसंग दाखवला, पण काहींना "नुसतं बघू नका, तिच्या जागी तुम्ही आहात अशी कल्पना करा" असं सांगितलं. त्या गटात कमी लेखणं दिसलं नाही. म्हणजे चालतं, पण सूचना बघण्याच्या आधी मिळालेली होती. मत बनल्यावर सांगितलं तर "मी असतो तर असं केलंच नसतं" हे ठरलेलं उत्तर येतं. म्हणून ही ओळ टिपणाच्या शेवटी न टाकता फोनशेजारच्या कार्डावर, फोन उचलण्याच्या सूचनेच्याही वर लिहा.

---

मुद्रितशोधक

कार्ड छापायला देण्याआधी इथे टाका, "का" आणि "च" मी काढून देतो.